सदावर्त (होळकर संस्थान, इंदूर)

सदावर्त म्हणजे वाटसरू, यात्रेकरू, गोसावी-बैरागी आणि गोरगरिबांना रोज विनामूल्य शिधा देण्याची कायमची सोय. अन्नछत्रात शिजवलेले अन्न वाढत. सदावर्तात पीठ, डाळ, मीठ, तूप असा कोरडा शिधा मिळे. त्यामुळे ज्याला दुसऱ्याच्या हातचे चालत नसे, तोही झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून जेवू शके. अशी सोय देशात पुष्कळ ठिकाणी होती. होळकरांची सोय पिढ्यानपिढ्या टिकली, कारण तिच्यामागे स्वतंत्र उत्पन्न होते.

हे उत्पन्न ‘खासगी’चे. 1734 च्या जानेवारीत पहिल्या बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली. फौज, मोहिमा आणि कारभार यांचा खर्च दौलतीतून, म्हणजे राज्याच्या सरकारी उत्पन्नातून होई; खासगी मात्र राणीच्या हाती राही आणि तिचा हिशेब वेगळा असे. पुढे हा वारसा अहिल्याबाईंकडे आला. 1767 ते 1795 या त्यांच्या कारकिर्दीत काशी, गया, सोमनाथ, हरिद्वार अशा होळकरांच्या राज्याबाहेरच्या क्षेत्रांतही देवळे, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी राहिली. सासऱ्यांनी साठवलेल्या खजिन्यावर बाईंनी तुळशीपत्र ठेवले, ही गोष्ट माळव्यातल्या मराठी घरांत आजही सांगितली जाते.

या दानधर्माचे सगळ्यांत जिवंत वर्णन जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने केले आहे. 1818 मध्ये इंग्रज आणि होळकर यांच्यात झालेल्या मंदसोर तहानंतर माळव्याची घडी बसवण्याचे काम त्याच्याकडे होते आणि बाईंना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. 1823 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो लिहितो, की बाई रोज गरिबांना जेवू घालत आणि सणावाराला अगदी खालच्या मानल्या गेलेल्या जातींनाही भोजन असे. उन्हाळ्यात रस्तोरस्ती पाणी पाजायला माणसे बसवलेली असत. थंडीच्या तोंडाला आश्रितांना आणि दुबळ्यांना कपडे वाटले जात. महेश्वराच्या आसपास तर नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजले जाई. पिकावरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी उभी शेते विकत घेऊन सोडून दिली जात. राजकारणी बुद्धीचा, परक्या धर्माचा एक अधिकारी हे टिपून ठेवतो, यावरून लोकांच्या मनात त्याचा केवढा ठसा होता ते कळते. शिवाय निपुत्रिक सावकाराचे धन सरकारजमा न करणे, त्याच्या विधवेला दत्तक घेऊ देणे, हेही बाईंचे धोरण होते. दरबाराच्या लोभापासून रयतेला दिलेले हे संरक्षण अन्नदानाच्या तोलाचे मानायला हवे.

या व्यवस्थेची मर्यादाही स्पष्ट दिसते. सदावर्त असे ते क्षेत्रांच्या ठिकाणी आणि यात्रेच्या वाटेवर. जो चालत तिथवर पोचला त्याला शिधा मिळाला. खेड्यात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत तो पोचत नसे. साधारण वर्षी याची झळ लागत नसे, कारण ‘डग डग रोटी, पग पग नीर’ अशी माळव्याची ख्याती. मारवाडात पाऊस दडी मारे तेव्हा तिकडचे लोक गुरेढोरे घेऊन इकडेच येत.

1899-1900 च्या ‘छप्पनिया’ दुष्काळाने (विक्रम संवत् 1956) ही ख्याती मोडली. त्या वेळी इंदूरच्या गादीवर शिवाजीराव होळकर होते. 1891 च्या खानेसुमारीत संस्थानची लोकसंख्या सुमारे 11 लाख होती; 1901 मध्ये ती साडेआठ लाखांवर आली. भूक, रोगराई आणि स्थलांतर यांनी दहा वर्षांत जवळजवळ चारातला एक माणूस कमी झाला. एवढ्या मोठ्या संकटाला दानधर्म पुरा पडणे शक्यच नव्हते.

ब्रिटिश हद्दीत 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर मदतीचे नियम ठरले होते: अंगात बळ असलेल्यांना रस्ते-तलावांच्या खोदाईवर मजुरी, काम न झेपणाऱ्यांना फुकट धान्य, निराधारांसाठी गरीबखाने, शेतकऱ्याला बी-बैलांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, आणि शेतसाऱ्यात सूट. नियमांत माणुसकीचा ओलावा कमी होता, मजुरीही पोटापुरतीच. पण उपाशी माणसाला शोधत जाण्याचे काम सरकारचे आहे, ही गोष्ट त्यांत लिहिलेली होती, आणि गरिबाच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. दात्याच्या मनावर अवलंबून असलेले अन्न आणि हक्काने मागता येणारे अन्न यांत ज्याचे पोट रिकामे असते त्यालाच खरा भेद कळतो.

संस्थान 1948 मध्ये ‘मध्य भारत’ या राज्यात विलीन झाले. खासगीची मालमत्ता सरकारकडे गेली आणि धर्मादायासाठी वार्षिक 2,91,952 रुपये कायमचे बांधून दिले गेले. 1962 मध्ये ‘खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट’ स्थापन झाला. देशभर पसरलेली देवळे, घाट आणि धर्मशाळा त्याच्या देखभालीखाली आल्या. ठरीव रकमेत एवढा पसारा सांभाळणे महागाईने अशक्य केले. पुढे मालमत्तेच्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेला. 2022 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ट्रस्टला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे एके काळी फक्त राणीला दाखवला जाणारा खासगीचा हिशेब आता न्यास निबंधकापुढे मांडावा लागतो.