मल्टिगन नेमबाजी : साधने व दारूगोळ्याचे नियम

रायफल, पिस्तूल आणि शॉटगन (छऱ्यांची बंदूक) ही तीन शस्त्रे एकाच सामन्यात, पुष्कळदा एकाच फेरीत, धावत आणि आडोसे बदलत चालवण्याच्या अमेरिकी क्रीडाप्रकाराला मल्टिगन किंवा थ्री-गन म्हणतात. मराठी वाचकाच्या ओळखीची नेमबाजी म्हणजे स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ती. त्यात अंतर ५० मीटर ठरलेले असते, रायफल एकच असते आणि नेमबाजाच्या जाकिटाच्या कापडाची जाडीसुद्धा मोजली जाते. मल्टिगनमध्ये लक्ष्य पाच मीटरवर असेल की तीनशेवर, कागदाचे असेल की पोलादाचे, हे प्रत्येक फेरीला बदलते. साहजिकच येथे साधनांना बरीच मोकळीक आहे. दारूगोळ्याच्या बाबतीत मात्र ती जवळजवळ नाही.

या खेळाचे मूळ प्रात्यक्षिक नेमबाजीत (‘प्रॅक्टिकल शूटिंग’, म्हणजे हालचाल करत, घड्याळाविरुद्ध झाडण्याच्या प्रकारात) आहे. त्या प्रकारची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झाली. तिची अमेरिकी शाखा यूएसपीएसए १९८४ पासून काम करते. तीन शस्त्रांचे सामने १९८० च्या दशकात ‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’ या मासिकाच्या स्पर्धांमुळे नावारूपाला आले. यूएसपीएसएची मल्टिगन नियमावली आहे, पण अनेक मोठे सामने तिच्या बाहेर, स्वतःच्या नियमांवर चालतात. नेमबाज त्यांना ‘आउटलॉ’ सामने म्हणतात. त्यात बेकायदेशीर काही नसते. अशा सामन्यांमध्ये मेळ राहावा म्हणून ‘इंटरनॅशनल मल्टी-गन’ नावाचा सामाईक मसुदा तयार झाला. तरीही आकडे सामन्यागणिक थोडे हलतात, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी त्या सामन्याची नियमपत्रिका वाचणे हाच पहिला नियम मानावा.

साधनांचे नियम गटांनुसार आहेत. सर्वाधिक गर्दी ‘टॅक्टिकल’ गटात असते. यात रायफलीवर एक दुर्बीण चालते, पिस्तुलावर आणि शॉटगनवर परंपरेने साधी लोखंडी माशीच (नेम धरण्यासाठी नळीवर असलेला खुंट). हल्ली बहुतेक जण एकपटीपासून सहा किंवा आठपटीपर्यंत बदलणारी दुर्बीण लावतात, कारण एकाच फेरीत हातभर अंतरावरचा कागद आणि दूरवरची पोलादी थाळी दोन्ही टिपायची असतात. ‘लिमिटेड’ गटात वर्धन करणारी दुर्बीण चालत नाही. ‘ओपन’ गटात जवळजवळ सगळे चालते: तिन्ही शस्त्रांवर लाल ठिपक्याची दर्शिका, पिस्तुलाला कॉम्पेन्सेटर (झाडताना नळी वर उसळू न देणारा तोंडाचा भाग), शॉटगनला काढता-घालता येणारे मॅगझिन (काडतुसांची पेटी). पिस्तुलाच्या मॅगझिनची लांबी ओपनमध्ये १७१.२५ मिमी आणि इतर गटांत साधारण १४१.२५ मिमी अशी पट्टी लावून तपासतात. गोळ्या मोजण्यापेक्षा लांबी मोजणे सोपे, शिवाय मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) पिस्तुलात आपोआप कमी गोळ्या मावतात. ‘हेवी मेटल’ हा गट हौशी पण हट्टी लोकांचा: .४५ पिस्तूल, .३०८ रायफल आणि हाताने सरकवून भरायची बारा बोअरची पंप शॉटगन. टॅक्टिकल गटात मान्य नसलेला भाग आढळला, तर नेमबाजाला बहुधा घरी पाठवत नाहीत. ओपनमध्ये ढकलतात, आणि तिथे त्याची गाठ कितीतरी महागड्या शस्त्रांशी पडते.

गट वेगळे करणारे खरे शस्त्र शॉटगन आहे. ओपन सोडून बाकी गटांत काडतुसे नळीखालच्या मॅगझिनमध्ये हाताने भरावी लागतात, आणि फेरीच्या सुरुवातीला शस्त्रात नऊपेक्षा जास्त काडतुसे नसावीत असा प्रघात आहे. इशारा वाजल्यावर मॅगझिनमध्ये मावतील तितकी भरा, त्याला हरकत नाही. या एका मर्यादेने खेळाचे रूप पालटले. आता कमरेच्या पट्ट्यावर काडतुसे जोड्यांनी उभी खोचलेली असतात, आणि नेमबाज एका झटक्यात चार काडतुसे उचलून दोन-दोन करून आत ढकलतो. नेम सारखाच असलेल्या दोघांमध्ये निकाल या भरण्यावर लागतो. एखाद्याने सुरुवातीची मर्यादा विसरून दहावे काडतूस भरले, तर त्याला दंड बसतो किंवा गट बदलतो.

दारूगोळ्याच्या नियमांत पहिली अट किमान बोअरची: पिस्तूल ९ मिमी, रायफल .२२३ (इंच) आणि शॉटगन २० गेज (शॉटगनचा हा आकडा वाढतो तसे बोअर लहान होते, म्हणून बारा बोअर वीसपेक्षा मोठे). दुसरी शक्तिगुणकाची. गोळीचे ग्रेनमधील (सुमारे ०.०६५ ग्रॅमचे एकक) वजन आणि सेकंदाला फुटांतील वेग यांचा गुणाकार करून हजाराने भागले की शक्तिगुणक मिळतो. ९ मिमीची १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट वेगाने गेली तर १३०.२ येतो, पिस्तुलाची किमान मर्यादा १२५ असल्याने ती ‘मायनर’ म्हणून पास होते. .४५ ची २३० ग्रेनची गोळी जेमतेम ७२० फूट वेगानेही १६५.६ देते, म्हणजे यूएसपीएसएच्या ‘मेजर’ मर्यादेच्या, १६५ च्या, किंचित वर. रायफलीत मायनर १५० आणि मेजर ३२०; .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी ३००० फूट वेगाने १६५ देते, तर .३०८ सहज चारशेच्या घरात जाते. गुणपद्धतीत मेजरला कागदावरच्या बाहेरच्या कप्प्यांचे गुण अधिक मिळतात. तपासणीसाठी अधिकारी नेमबाजाच्या साठ्यातून स्वतः काडतुसे उचलतात, एक उघडून गोळी काट्यावर ठेवतात, बाकीची वेगमापकावरून झाडतात. मायनरही न गाठणाऱ्याला खेळू देतात, पण त्याचे गुण धरत नाहीत. आउटलॉ सामन्यांत ही कटकट बहुधा नसते. तिथे एकूण वेळ अधिक दंड असा हिशोब असतो, आणि कागदावर कुठेही दोन किंवा मधल्या कप्प्यात एक छिद्र पडले की ते लक्ष्य संपले. मग काडतूस जोरदार करण्यात कुणाला रस उरत नाही.

सर्वांत कडक नियम पोलादी लक्ष्यांमुळे आले आहेत. या थाळ्या साधारण ५०० ब्रिनेल कठीणपणाच्या पोलादाच्या असतात. शिशाची गोळी तिच्यावर आपटली की चपटी होऊन थाळीच्या पृष्ठाला समांतर विखुरते. ही दिशा ठरलेली असते, म्हणून माणसे कुठे उभी करायची हे सांगता येते. थाळीला खड्डा पडला की ही शिस्त मोडते: पुढच्या गोळीचे तुकडे त्या खळग्यातून वळून कुठेही, अगदी झाडणाऱ्याकडेही, येऊ शकतात. म्हणूनच चिलखतभेदी, आगलावी, ट्रेसर (उजेडाची रेघ सोडणाऱ्या) आणि पोलादी गाभ्याच्या गोळ्यांना सरसकट बंदी असते. .२२३ च्या नेमबाजांना भोवणारे नेहमीचे काडतूस म्हणजे हिरव्या टोकाचे सैनिकी एम८५५. त्याच्या ६२ ग्रेनच्या गोळीत पोलादी टोक असते आणि ते बाजारात सहज मिळत आले आहे. पश्चिम अमेरिकेच्या कोरड्या माळांवर दुसराही धोका आहे: पोलादावर पोलाद घासून उडालेल्या ठिणगीने गवत पेटते.

तपासणी लोहचुंबकाने होते. गोळी चिकटली की नापास. यात थोडा अन्याय आहे खरा, कारण काही स्वस्त रशियन काडतुसांत गाभा शिशाचाच असतो आणि पोलाद फक्त वरच्या पातळ आवरणात. पण मैदानावर गोळ्या कापून बघत बसायला कुणाला वेळ नसतो, आणि आयोजकांची सावधगिरी रास्त वाटते. पोलादी पुंगळीचा (काडतुसाच्या रिकाम्या कवचाचा) मुद्दा वेगळा. ती शस्त्राबाहेर पडून जागेवरच राहते, लक्ष्याला लागत नाही, त्यामुळे ती चालवायची की नाही हे त्या त्या रेंजवर अवलंबून. नियम मोडून थाळी खराब करणाऱ्याला बाद करतात, शिवाय थाळीची किंमतही भरायला लावतात.

शॉटगनच्या छऱ्यांचेही तेच. छरे शिशाचे हवेत. पाणपक्ष्यांच्या शिकारीत वापरले जाणारे पोलादी छरे चपटे होत नाहीत, सरळ मागे उसळतात. आकार लहान, साडेसात किंवा आठ नंबरचा, पसंत केला जातो. नंबर वाढतो तसा छरा बारीक होतो. मोठ्या छऱ्यांचे ‘बकशॉट’ आणि एकसंध गोळीचे ‘स्लग’ काडतूस फक्त आयोजकांनी सांगितलेल्या लक्ष्यांवर. जवळच्या थाळीवर चुकून स्लग झाडणे ही बाद होण्याची हमखास वाट, म्हणून जाणते नेमबाज स्लग पट्ट्यावर छऱ्यांपासून लांब, वेगळ्या बाजूला खोचतात. पिस्तुलाने पोलादावर झाडताना किमान सात मीटर अंतर राखतात. रायफल आणि स्लगसाठी त्याच्या कितीतरी पट.

फेरीच्या मध्ये एक शस्त्र ठेवून दुसरे घ्यावे लागते, तेव्हा ठेवलेले शस्त्र एकतर रिकामे असावे किंवा सेफ्टी लावलेले. भरलेली रायफल सेफ्टीविना शस्त्र ठेवण्याच्या पिंपात टाकून पुढे धावणारा नेमबाज तिथेच बाद होतो. पिस्तुलाचे म्यान चाप झाकणारे आणि उडी मारली तरी शस्त्र न सोडणारे लागते.

काही अटी कायद्यातून येतात. अमेरिकेच्या १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्यामुळे विशेष नोंदणीविना रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आणि शॉटगनची १८ इंचांपेक्षा आखूड ठेवता येत नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यांत दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर निर्बंध आहेत. भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार सैनिकी ९ मिमी आणि .४५ काडतूस चालणारी पिस्तुले तसेच ७.६२ मिमीच्या रायफली प्रतिबंधित वर्गात मोडतात. अमेरिकी मल्टिगनची नेहमीची जोडणी त्यामुळे येथील सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर राहते.

पहिल्या फेरीत घेतलेले शस्त्र शेवटपर्यंत बदलता येत नाही. नळी, बोअर आणि दर्शिकाही तीच ठेवावी लागते, नाहीतर जवळच्या फेऱ्यांना एक रायफल आणि लांबच्यांना दुसरी असा प्रकार सुरू होईल. शस्त्र मोडले तर सामना संचालकाची आधी परवानगी घेऊन त्याच जातीचे दुसरे वापरता येते. दुरुस्तीला वेळ वाढवून मिळत नाही, आणि घड्याळ चालू असताना अडकलेले काडतूस नेमबाजाने स्वतःच सोडवायचे असते.