जुन्या यंत्रांचा रंग उतरवणारी रसायने

जुन्या यंत्राची पुनर्बांधणी करताना त्यावरील रंगाचे थर विरघळवून, फुगवून किंवा त्यांचे विघटन करून धातूपासून सुटे करणाऱ्या पदार्थांना बाजारात ‘पेंट रिमूव्हर’ म्हणतात. १९४६ मध्ये खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे भोसरी-चिंचवड पट्टा उभा राहिला. त्यामुळे पुणे परिसरात जुनी डिझेल इंजिने, लेथ व ड्रिलिंग यंत्रे दुरुस्तीला येणे नवलाचे नाही. अशा यंत्रांवर वाळूचा मारा केल्यास तिचे कण बेअरिंग आणि बेडच्या, म्हणजे यंत्राच्या आधारपायाच्या, घासत्या पृष्ठभागांत शिरतात, म्हणून रसायनांचा मार्ग पत्करला जातो.

रसायन निवडताना ते किती जहाल आहे याहून रंग कोणता व धातू कोणता, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. थिनरमध्ये भिजवलेले फडके कोपऱ्यात घासले असता नायट्रोसेल्युलोजचा रंग लगेच फडक्याला लागतो, तेलकट किंवा अल्किड (तेलमिश्रित कृत्रिम राळेचा) इनॅमल सुरकुततो किंवा मऊ पडतो, तर पूर्ण वाळलेल्या दोन घटकांच्या इपॉक्सी व पॉलियुरेथेन रंगांवर फारसा परिणाम दिसत नाही. पहिल्या प्रकारासाठी थिनर पुरेसे असते. तेथे महागडा रिमूव्हर ओतणे हा निव्वळ अपव्यय होय.

कॉस्टिक सोड्याचे द्रावण अल्किड रंगातील तेलाचा साबण करते आणि बिडावर (ओतीव लोखंडावर) किंवा पोलादावर चालते, परंतु अ‍ॅल्युमिनियम व जस्त त्यात झिजतात आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. यंत्राच्या नावाच्या पट्ट्या, हँडल आणि झाकणे अनेकदा याच धातूंची असल्याने ती आधी उतरवून ठेवावी लागतात. आम्लयुक्त रिमूव्हर कठीण केलेल्या स्प्रिंगा व बोल्टांना लावू नये, कारण आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो.

मिथिलीन क्लोराइड हा बहुतेक सर्व रंगांवर मिनिटांत काम करणारा पदार्थ असला तरी तो सर्वांत धोकादायकही आहे. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे आणि पुण्याचा एप्रिलमधील पारा त्याच्या आसपास जातो, म्हणजे दुपारी उघड्यावर लावलेले रसायन रंगात मुरण्याआधीच उडू लागते. बाष्प हवेहून जड असल्याने खड्ड्यात व टाकीत साचते, शिवाय शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. साधे रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे त्याला थोड्याच वेळात वाट देतात आणि हवा गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मुखवटाही पुरेसा मानला जात नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये त्याला मानवात ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. २०१९ मध्ये अमेरिकेने सामान्य ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली. लहान वर्कशॉपमध्ये त्याऐवजी बेंझिल अल्कोहोलवर आधारित जेल वापरणे शहाणपणाचे. त्याला काही तास, प्रसंगी रात्रभर, प्लॅस्टिकखाली झाकून ठेवावे लागते, पण उत्कलनबिंदू २०५ अंश असल्याने उन्हाळ्यातही ते जागेवर टिकते. एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन हे द्रावक) हा पर्याय सौम्य भासतो, मात्र तो गर्भास अपायकारक आहे.

बिडाच्या ओतकामातील खडबडीतपणा झाकण्यासाठी कारखान्यात भरलेली पुट्टीही रिमूव्हरने मऊ होऊ शकते. ती सुटल्यास पुन्हा भरून घासावी लागते आणि हे काम रंग काढण्याहून वेळखाऊ असते. त्याखालचा शेंदरी प्राइमर शिशाचा असण्याची शक्यता गृहीत धरावी. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा २०१६ चा भारतीय नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. खरवडलेला ओला लगदा गटारात न टाकता बंद डब्यात ठेवून घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडे द्यावा लागतो.

रिमूव्हरमध्ये बाष्पीभवन रोखण्यासाठी मेण घातलेले असल्यास ते मिनरल टर्पेंटाइनने पुसावे. कॉस्टिकनंतर भरपूर पाण्याने धुवावे. दोन्ही अवशेषांमुळे नवा रंग पापुद्र्यांनी सुटतो. पावसाळ्यात धुतलेल्या उघड्या बिडावर तासाभरातही गंज दिसू शकतो, त्यामुळे ते लगेच गरम हवेने सुकवून प्राइमर लावला जातो.