किराणा दुकानाच्या दारात फाटक कसं आलं

पावती स्कॅन केल्याशिवाय न उघडणारी फाटकं सुपरमार्केटांच्या दारात आली, तेव्हा अनेकांना तो संशय जिव्हारी लागला. तो लागणं साहजिकच आहे. पण फाटक काही नवं नाही. स्वयंसेवा दुकानांच्या सुरुवातीच्या आराखड्यातच ते आहे.

पूर्वी किराणा म्हणजे काउंटरसमोर उभं राहून यादी सांगायची आणि नोकराने माल काढून द्यायचा. सप्टेंबर १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ उघडलं आणि मांडण्या गिऱ्हाइकांना मोकळ्या केल्या. नोकरांचा खर्च वाचला, पण नोकराबरोबर त्याची नजरही गेली. ती उणीव सॉन्डर्स यांनी वास्तूतच भरून काढली. आत शिरायला फिरतं फाटक, तिथून मांडण्यांसमोरून वळणं घेत जाणारी एकच वाट आणि बाहेर पडायचं ते गल्ल्यावरूनच. कोठाराच्या बाजूला वर सज्जे होते. गिऱ्हाइकांना त्रास न होता तिथून लक्ष ठेवता येई. या रचनेला ९ ऑक्टोबर १९१७ रोजी पेटंट मिळालं. विश्वास आणि पाळत एकाच नकाशात आखलेली आहेत, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पुढे ट्रॉली आली आणि चोरीचं माप बदललं. भरलेली ट्रॉली प्रवेशदारातूनच बाहेर ढकलत न्यायची, हा प्रकार थांबवण्यासाठी फक्त आतल्या बाजूला उघडणारी फाटकं बसली.

१९६० च्या दशकात आर्थर मिनासी आणि रोनाल्ड असाफ यांनी वेगळी वाट धरली: अडवायचं माणसाला नाही, वस्तूला. वस्तूला टॅग म्हणजे रेडिओ लहरींनी ओळखू येणारी छोटी खूणचिठ्ठी लावायची. गल्ल्यावर ती निष्क्रिय न करता वस्तू दारातल्या दोन खांबांमधून गेली, की भोंगा वाजतो. कपड्यांच्या दुकानांत हे छान जमलं. किराण्यात नफा तुटपुंजा, प्रत्येक पुड्याला टॅग परवडत नाही. शिवाय धातूचे डबे आणि पातळ पदार्थ रेडिओ लहरींना अडथळा करतात. म्हणून टॅग दिसतात ते दारू, दाढीची पाती, बाळाच्या दुधाची पावडर यांवर.

मग सेल्फ-चेकआउटने, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच माल स्कॅन करून यंत्रावर पैसे भरायच्या सोयीने, गल्ल्यावरचा माणूसही कमी केला. सॉन्डर्स यांच्या आराखड्यात शेवटचा पहारा त्याचाच होता. आजचं पावती मागणारं फाटक त्याच्याच जागेवर उभं आहे.

या इतिहासात एक तारीख विसरता कामा नये. १ ऑगस्ट २००४ रोजी पॅराग्वेची राजधानी असुन्सिओन इथल्या इकुआ बोलान्योस सुपरमार्केटला आग लागली. पैसे न देता कुणी जाऊ नये म्हणून दारं बंद केली गेली, असं आगीतून बचावलेल्यांनी सांगितलं. ३०० हून अधिक माणसं मेली. मालक, त्याचा मुलगा आणि सुरक्षारक्षक यांना शिक्षा झाली. म्हणून फाटक आगीच्या अलार्मला जोडलेलं हवं, वीज गेली की आपोआप मोकळं व्हायला हवं आणि घाबरलेल्या माणसाने नुसतं ढकललं तरी सुटायला हवं. भोंगा मागून वाजत राहिला तरी चालेल.