एनम वापरून कस्टम एरर कोड

ॲपमध्ये काय काय बिघडू शकतं त्याची ठरलेली यादी एनममध्ये (ठरावीक पर्यायांना नावं देणारा डेटा टाइप) लिहायची आणि प्रत्येक केसला, म्हणजे पर्यायाला, एक आकडा द्यायचा, एवढीच ही पद्धत. नाव वाचणार डेव्हलपर, आकडा जाणार लॉगमध्ये आणि सपोर्टवाल्यांकडे.

आयओएसवर एररची माहिती ठेवणारा एनएसएरर हा क्लास आधीपासून आहे, त्यात डोमेन ही एरर कुठल्या गटातला ते सांगणारी स्ट्रिंग, कोड हा पूर्णांक आणि युजरइन्फो ही डिक्शनरी असते, उदा. नेट नसेल तर यूआरएलच्या डोमेनमध्ये -१००९ येतो आणि टाइमआउट झाला तर -१००१. डोमेन बदललं की त्याच आकड्याचा अर्थही बदलतो, म्हणून नुसता आकडा लॉग करून फायदा नाही. २०१५ मध्ये आयओएस ॲपच्या स्विफ्ट भाषेचं व्हर्जन २ आलं तेव्हापासून एनम सरळ थ्रो करता येतो (म्हणजे एरर म्हणून फेकता येतो), फक्त त्यासाठी एनमला जो प्रोटोकॉल लावतात त्याचं नाव तेव्हा एररटाइप होतं, स्विफ्ट ३ पासून ते एरर झालं. डोमेन आणि कोड आपल्या मनासारखे हवे असतील तर कस्टमएनएसएरर हा प्रोटोकॉल लावायचा, आणि युजरला धड वाक्य दाखवायचं असेल तर लोकलाइज्डएरर. हे दुसरं टाळलं की स्क्रीनवर "ऑपरेशन पूर्ण झालं नाही, एरर २" छापाचं काहीतरी येतं, ज्यातून युजरला काडीचंही कळत नाही.

खरी गोम आकड्यांत आहे. स्विफ्टमध्ये इंट एनमच्या केसला रॉ व्हॅल्यू (केसमागचा आकडा) स्वतः लिहिली नाही तर मोजणी ० पासून आपोआप होते, कोणीतरी मध्येच नवीन केस घुसवली की खालचे सगळे आकडे एकने सरकतात, कंपायलर चकार शब्द काढत नाही आणि जुन्या व्हर्जनचे लॉग नवीन यादीशी जुळेनासे होतात. अँड्रॉइडच्या कॉटलिन भाषेत ऑर्डिनल (केसचा यादीतला क्रमांक) वापरलं तरी हेच, त्यापेक्षा कन्स्ट्रक्टरमध्ये कोड स्वतः द्यावा. फ्लटर ॲप ज्या भाषेत लिहितात त्या डार्टच्या एनमला कोड ठेवायला अशी फील्ड व्हर्जन २.१७ पासून, म्हणजे २०२२ मध्ये मिळाली. काढून टाकलेल्या केसचा आकडा पुन्हा दुसऱ्या कोणाला देऊ नये.

सर्व्हरकडून कोड येत असतील तर जुनं ॲप फोनमध्ये तसंच असतं आणि सर्व्हर नवा आकडा पाठवून मोकळा होतो, अशा वेळी स्विफ्टमध्ये रॉ व्हॅल्यूवरून केस शोधली की निल, म्हणजे 'काहीच नाही' असं उत्तर मिळतं. त्यासाठी आलेला आकडा सोबत ठेवणारी एक 'अनोळखी' केस बरी पडते, पण अशी केससोबत ठेवलेली माहिती, म्हणजे असोसिएटेड व्हॅल्यू, आली की त्या एनमला रॉ टाइप लावता येत नाही, मग कोड स्विचमधून काढायचा. कॉटलिनमध्ये याच कामाला सील्ड क्लास (ज्याचे उपप्रकार आधीच ठरलेले असतात असा क्लास) घेतात.