परदेशी मुलांकडे जाताय? तिकिटाआधी पीपीओ काढा

जानेवारी लागला की आमच्याकडे रात्री-अपरात्री फोन यायला लागतात. कॅलिफोर्नियातून, टोरांटोतून, मेलबर्नमधून. प्रश्न एकच असतो: "पेन्शन जमा झाली नाही हो, काय झालं?" झालेलं एवढंच असतं, की नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलेला नसतो. किंवा दिलाय असं वाटत असतं आणि तो भलतीकडेच गेलेला असतो. व्हिसा, विमा, बॅगांची वजनं सगळं चोख, आणि महिन्याची पेन्शन तेवढी राहून गेली. म्हणून तिकिटाआधी पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर हा पेन्शन मंजुरीचा कागद, बाहेर काढा, आणि म्हणूनच हे पत्रक. ज्यांनी व्हिसाचं काम आमच्याकडून करून घेतलं त्यांच्यासाठी, आणि दुसरीकडून घेतलं त्यांच्यासाठीही. (ऑफिस नाशकातल्या कॅनडा कॉर्नरला आहे म्हणून आम्ही फक्त कॅनडाचंच काम करतो असं नाही. विचारतात लोक.)

तुमची पेन्शन कुणाची?

"जाण्याआधीच दाखला काढून टाकू, म्हणजे मोकळे." हे काही जणांच्या बाबतीत अगदी बरोबर आहे आणि काही जणांना नेमकं तेच भोवतं. पेन्शन कोण देतं यावर सगळं ठरतं.

मायको, एचएएल, एसटी, वीज मंडळ, सातपूर-अंबडच्या कंपन्या इथून निवृत्त झालेल्यांची पेन्शन बहुधा भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे ईपीएस-९५. त्यांचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो. ऑगस्टमध्ये निघणार असाल तर जुलैअखेर काढा आणि निर्धास्त जा. फक्त पुढच्या वर्षीचा महिना लक्षात ठेवा, कारण तो आता नोव्हेंबर राहिलेला नाही.

नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधले जुने पेन्शनर, रेल्वे, पोस्ट, केंद्राची इतर खाती यांना मात्र नोव्हेंबरच. वय ८० पूर्ण असेल तर १ ऑक्टोबरपासून देता येतो, एवढीच सवलत. सप्टेंबरमध्ये काढलेला दाखला नोव्हेंबरच्या कामी येत नाही, तो पुन्हा द्यावाच लागतो. राज्य सरकारचे आणि झेडपीचे शिक्षक, कर्मचारी यांचंही नोव्हेंबरच. ट्रेझरीकडून बँकेत यादी येते आणि आपल्या नावापुढे सही करायची असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. देवळालीच्या माजी सैनिकांनी स्पर्श या लष्करी पेन्शनच्या संकेतस्थळावर आपल्या लॉगिनमध्ये पुढची तारीख पाहावी, ती तिथे दिसते.

ज्यांना दोन पेन्शन आहेत, स्वतःची आणि पतीमागची कुटुंब पेन्शन, त्यांचे पीपीओ दोन म्हणून दाखलेही दोन. एक दिला की दुसरा आपोआप होत नाही. या एका गोष्टीवरून काउंटरवर जितके वाद होतात तितके फीवरूनही होत नाहीत.

ज्या चुकीपायी तुमचा आणि आमचा वेळ जातो

लोक येताना आधार आणतात, पासबुक आणतात, पासपोर्ट आणतात. पीपीओ आणत नाहीत. "पीपीओ नंबर" म्हणून पासबुकावरचा खाते क्रमांक सांगतात, नाहीतर जुन्या ओळखपत्रावरचा नंबर. आम्ही नको म्हटलं की राग येतो. पण दाखल्याच्या अर्जात पीपीओ नंबर, पेन्शन मंजूर करणारं खातं आणि पेन्शन वाटणारी संस्था असे तीन रकाने असतात. त्यातला एकही चुकला तर दाखला निघतो, "यशस्वी" असा मेसेज येतो, प्रमाण क्रमांकही (दाखल्याचा नंबर) मिळतो, आणि तरीही तुमच्या बँकेला तो कळत नाही. "निघाला" आणि "स्वीकारला" यांत फरक आहे. प्रमाण क्रमांक टाकून जीवन प्रमाण या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी संकेतस्थळावर स्थिती तपासता येते. आठ-दहा दिवसांनी ती तपासा. आम्ही आमच्या ग्राहकांची तपासतो, आणि खरं तर आमची फी मुख्यतः त्या कामाची आहे.

सगळ्यात अवघड प्रकरण असतं ते पीपीओ नाशकात आणि पेन्शनर परदेशात असण्याचं. इंदिरानगरच्या बंद फ्लॅटमध्ये गोदरेजचं कपाट, फ्लॅटची किल्ली शेजारच्या काकूंकडे, कपाटाची किल्ली मात्र पर्समध्ये, आणि पर्स सिएटलला. तेव्हा पीपीओची दोन्ही बाजूंची स्पष्ट झेरॉक्स एक बरोबर न्या, एक इथे विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, आणि फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. मूळ पीपीओ परदेशात नेऊ नका. आम्हीही मूळ पीपीओ किंवा पासपोर्ट ठेवून घेत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

नावांचं आणखी वेगळंच. पीपीओवर "शकुंतला", आधारवर "शकुंतलाबाई", पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासकट तिसरंच. घरात हे कुणाला खटकत नाही, मशीनला खटकतं. दुरुस्ती करायची झाली तर आधारची त्यातल्या त्यात सोपी, पण आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे काय कशाशी जुळवायचं हे आधी ठरवा, मगच केंद्रावर जा.

तिकडून दाखला द्यायची वेळ आली तर

पहिला मार्ग मोबाइलचा. चेहरा दाखवून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे. बोटांचे ठसे झिजलेल्यांना ती वरदान ठरली आहे. त्यासाठी दोन ॲप लागतात, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाणचं फेस ॲप. ती इथूनच तुमच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर टाकून, एकदा उघडून बघून जा. तिकडे जाऊन मुलाच्या फोनवर बघू, हे बेभरवशाचं. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून सिम चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका, आणि निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या. चेहरा दाखवताना चष्मा काढा, उजेड समोरून येऊ द्या, पापणी मिटा-उघडा. पुनर्विवाह झाला आहे का, पुन्हा नोकरीला लागलात का, असेही प्रश्न येतात. मुलगा घाईत असतो, भलत्याच खुणेवर बोट पडतं आणि ७४ वर्षांचे आजोबा कागदावर नोकरीला लागतात. तो रकाना स्वतः वाचा.

ॲप चाललं नाही तर कागदाचा मार्ग आहेच. भारतीय वकिलातीतला अधिकारी, तिथला नोटरी, मॅजिस्ट्रेट किंवा बँकेचा अधिकारी यांच्यासमोर सही करून दाखला भारतातल्या तुमच्या प्रतिनिधीमार्फत बँकेत देता येतो, प्रत्यक्ष हजर राहावं लागत नाही. कॅनडात वकिलातीची माणसं नोव्हेंबरात गुरुद्वारांत आणि मंदिरांत शिबिरं घेतात. कुरिअरला लागणारे दिवस धरून चाला, महिनाअखेरीस जागे होऊ नका.

आणि चुकलंच तर? पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला पोहोचला की थकबाकीसह सुरू होते. रात्री दोनला फोन करण्याइतकं ते तातडीचं नसतं.

व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत

पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा दिसतो आणि घरात चर्चा सुरू होते, "आता दहा वर्षं राहता येईल." तसं नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत मुलाला ती ऑनलाइन काढायला सांगा आणि फ्रिजवर चिकटवा. जास्त राहायचं असेल तर ती तारीख उलटण्याआधी आय-५३९ अर्ज करावा लागतो. न सांगता राहिलात तर तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द धरला जातो. मुदत उलटल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून परतलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. "काही होत नाही, आमच्या ओळखीतले राहिले होते" असं म्हणणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही.

कॅनडाचा सुपर व्हिसा (तिथे स्थायिक मुलांच्या आई-वडिलांसाठीचा) निराळा. तिथे २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्य विमा आणि वैद्यकीय तपासणी हवी. ब्रिटनला भेटीचा व्हिसा साधारण सहा महिन्यांचा. युरोपात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर ८५०३ ही अट आहे का ते बघा. असेल तर तिथे बसून मुदत वाढवून मागता येत नाही.

अमेरिकेच्या मुलाखतीत वयस्करांना सूट होती. २ सप्टेंबर २०२५ पासून ८० च्या पुढच्यांनाही साधारणपणे मुलाखतीला जावं लागतं. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत सकाळी लवकरची वेळ मिळाली तर पंचवटी एक्स्प्रेसने निघून पोहोचू असं धरू नका, आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा. मुलाखतीत विचारलं तेवढंच सांगा आणि खरं सांगा. पेन्शनची स्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट जवळ ठेवा. दरमहा इथे पैसे येतात, घर इथे आहे, हे त्यातून आपोआप दिसतं. पुन्हा पीपीओच कामाला येतो.

ग्रीन कार्डावर कायमचे जाणार असाल तर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. पेन्शन त्यात जमा होऊ शकते आणि कर भरून बाहेरही नेता येते. सहा महिन्यांच्या भेटीला जाणाऱ्यांनी यात पडू नये.

बीपी लपवू नका

अमेरिकेत ६५ च्या पुढच्यांना सरकारी मेडिकेअर असतं, हे ऐकून काही जण विमा न घेता जायला निघतात. भेटीला जाणाऱ्यांना ते मिळत नाही. ग्रीन कार्ड असलं तरी स्वतः विकत घ्यायला सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यातही पाहुण्यांकडून रुग्णालयाच्या उपचारांचे दीडपट पैसे घेतात.

विमा घेताना हप्त्याकडे नंतर बघा. आधी दोन गोष्टी विचारा. प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी आहे की बिलाच्या प्रमाणात देणारी? पहिली स्वस्त असते आणि तिथल्या बिलापुढे तिचं काही चालत नाही. दुसरं, आधीपासूनच्या आजाराचं काय? बहुतेक पॉलिसी जुन्या बीपी-शुगरचा नेहमीचा उपचार देत नाहीत, अचानक बळावलं तरच काही मर्यादेपर्यंत देतात. फॉर्मवर "काही आजार नाही" लिहून हप्ता वाचवायचा आणि खिशात बीपीची गोळी ठेवायची, हा नाशकातला आवडता प्रकार. क्लेम आला की कंपनी इथल्या डॉक्टरांचे कागद मागवते, तेव्हा काय होतं ते सांगायला नको. आम्ही फॉर्म भरताना औषधांची पिशवी टेबलावर ठेवायला सांगतो त्याचं कारण हे. विमा विकायचा म्हणून नव्हे. विमा तुम्ही कुठूनही घ्या.

इथली मेडिक्लेम पॉलिसी बंद पडू देऊ नका. हप्त्याची तारीख तुम्ही तिकडे असताना येते आणि विसरली जाते. खंड पडला तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, जो ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो, पुन्हा पहिल्यापासून.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर नक्कीच, सामानाच्या डब्यात ते गोठू शकतं. अमेरिकेसाठी साधारण ९० दिवसांचा साठा ठीक. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. टेल्मा म्हटलं तर तिथल्या डॉक्टरला कळणार नाही, टेल्मिसार्टन म्हटलं की कळेल. थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन. दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांनी ट्रॅमाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं परवानगी न घेता मुळीच नेऊ नयेत. भस्मं आणि बिननावाच्या पुड्या घरीच ठेवा. दातांचं काम, मोतीबिंदू उरकून जा.

आमच्याकडे येताना

दाखला काढणं अवघड नाही. घरी नातवंडं असतील तर ती काढून देतील. पोस्टमनही घरी येऊन ७० रुपयांत काढून देतो. तेवढंच काम असेल तर आमच्याकडे येऊ नका, खरंच. व्हिसा, विमा, पेन्शन या तिन्हींच्या तारखा एकमेकांत अडकलेल्या असतील तेव्हा या. आम्ही तिन्ही एका फाईलला लावतो, परतीची तारीख आणि नोव्हेंबर समोरासमोर मांडतो, आणि तुम्ही तिकडे असताना दाखल्याची स्थिती बघून व्हॉट्सॲपवर कळवतो. तिकीट त्यानंतर काढा. व्हिसा मिळेलच अशी हमी आम्ही देत नाही. देणारे आहेत, त्यांच्याकडे जायचं तर जा. एकदा स्वतः पेन्शनरांनीच यावं, मुलाने तिकडून फोनवर सांगितलेल्या माहितीवर आम्ही अर्ज भरत नाही. फी काउंटरवर लावलेली आहे, सरकारी शुल्क वेगळं.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाय ठेवायला जागा नसते. ८० च्या पुढच्यांनी ऑक्टोबरातच उरकून घ्यावं, जिना चढता येत नसेल तर खालून फोन करा, माणूस खाली येईल. आणि आमच्या नावाने, बँकेच्या नावाने किंवा पेन्शन ऑफिसच्या नावाने फोन करून कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. आम्ही ओटीपी फोनवर कधीच मागत नाही, तुम्ही समोर बसलेले असतानाही तो तुमचा तुम्हीच टाकायचा.