वाटी दुखते, व्यायाम मात्र खुब्याचा

जिना चढताना एक वेळ चालतं, उतरताना मात्र गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते. दोन तास बसून उठलं की पहिली चार पावलं नकोशी होतात. एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ येतो. मग फिजिओथेरपिस्ट कुशीवर झोपवून पाय वर उचलायला सांगतात आणि पेशंट चक्रावतो: दुखतोय गुडघा, मग कुल्ल्याचा व्यायाम कशाला?

पूर्वी समज असा, की वाटीच मांडीच्या हाडाच्या खोबणीतून बाहेरच्या बाजूला सरकते. 2003 साली अमेरिकेत संशोधक क्रिस्टोफर पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी हालत्या गुडघ्याचे एमआरआय काढले. पायावर भार असताना वाटी फारशी फिरत नव्हती. तिच्याखाली मांडीचं हाडच आत वळत होतं. गाडी जागेवर आणि रूळ सरकलेले, असा प्रकार. पाहणी अवघ्या सहा स्त्रियांची होती, पण तिने नजर खुब्याकडे वळवली, कारण मांडीचं हाड आवरतात ते कुल्ल्याचे स्नायू.

हे आरशातही दिसतं. पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूहळू जमिनीकडे न्या. गुडघा अंगठ्याच्याही आत झुकतो का, कंबर एका बाजूला पडते का, ते बघा.

कुशीवरचा व्यायाम दिसतो सोपा, पण बहुतेक जण फसवतात. कंबर मागे कलते, चवडा छताकडे वळतो आणि काम मांडीचा पुढचा स्नायू उरकून टाकतो. टाच किंचित मागे ठेवून पाय उचलला, की कुल्ल्याच्या वरच्या बाजूला ओढ जाणवते. तीच हवी.

गंमत पुढेच आहे. स्नायू बळकट झाले, दुखणं कमी झालं, तरी धावताना गुडघा आत झुकायचा तो झुकतोच, असं अभ्यासांत दिसलं. चाल बदलायची तर ती चालच आरशासमोर घोटून घ्यावी लागते. 2019 साली नॉर्वेमध्ये 112 रुग्णांवर खुब्याचे व्यायाम, गुडघ्याचे व्यायाम आणि आपापल्या परीने हालचाल यांची तुलना झाली. तीन महिन्यांनी तिन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. त्यामुळे ‘तुमचं अलाइनमेंट (हाडांची सरळ रेषा) बिघडलंय’ असं म्हणून कुणी घाबरवलं, तर मी ते फारसं मनावर घेणार नाही.

मग सुरुवात खुब्यापासून का? आडवं पडून केलेल्या या व्यायामांत वाटीवर दाब जवळजवळ येतच नाही. गुडघा ठणकत असतानाही ते जमतात. कळ ओसरली, की अर्ध्या बैठका आणि पायरीचे व्यायाम जोडायचे. गुडघा सुजला किंवा मध्येच अडकू लागला, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.