भुसावळचे ऊन आणि पंचवीस अंशांचे करार

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे गेला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "एवढं ऊन वाया चाललंय, सगळ्या खान्देशात सोलर टाका, मग बघा वीज!" वाक्यातली तळमळ खरी आहे, विज्ञान मात्र अर्धेच खरे आहे. सौर पॅनेलला प्रकाश लागतो, उष्णता नाही. उष्णता उलट त्याच्या मुळावरच उठते. आणि परदेशी कर्जातून विकसनशील देशांत जे सौर प्रकल्प उभे राहतात, त्यांपैकी कितीतरींचे गणित नेमके इथेच, या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे चुकते.

आधी एक जळमट काढून टाकू. मेअखेरीला मोबाइलवर फिरणारा मजकूर सांगतो की नवतपाच्या, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरच्या, नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीजवळ येतो, म्हणून आग ओकतो. हे साफ खोटे आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटींवर. वातावरणाच्या माथ्यावर पडणारा प्रकाश जानेवारीत जुलैपेक्षा जवळजवळ ७ टक्के जास्त असतो. खान्देशात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी डोक्यावर येतो, दिवस मोठा असतो आणि जमीन कोरडीठाक असते, म्हणून तापते. नक्षत्राचा त्यात हात नाही.

आता पॅनेलच्या आत जाऊ. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाशकण आदळला की एक इलेक्ट्रॉन जागेवरून सुटतो. चकतीत दोन वेगळ्या गुणांचे थर एकमेकांना भिडलेले असतात. त्यांच्या सांध्यावरचे विद्युतक्षेत्र या सुटलेल्या इलेक्ट्रॉनला एका बाजूला ढकलते. तिथे इलेक्ट्रॉन साचतात, दोन बाजूंत दाबाचा फरक तयार होतो, तेच व्होल्टेज. अशा एका चकतीला, म्हणजे सेलला, मोकळ्या टोकांवर (पुढे काही जोडलेले नसताना) साधारण ०.६ व्होल्ट मिळतात.

पण इलेक्ट्रॉन फक्त प्रकाशानेच सुटत नाहीत, नुसत्या उष्णतेनेही सुटतात, आणि सांध्यातून उलट दिशेने गळती सुरू होते. शुद्ध सिलिकॉनमध्ये उष्णतेने मोकळ्या होणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या दर दहा अंशांना जवळपास दुप्पट होते. २५ अंशांवरून ७१ अंशांवर गेलो तर ती वीसपटीहून जास्त. पाटाला भगदाडे पडली की वरून कितीही पाणी सोडा, पातळी धरत नाही, तसे इथे होते: प्रकाश तेवढाच, पण व्होल्टेज टिकत नाही. प्रत्येक सेलमागे, प्रत्येक अंशाला, सुमारे २ मिलिव्होल्ट घटतात. प्रवाह किंचित वाढतो, अंशाला ०.०५ टक्क्याच्या आसपास, पण त्याने तूट भरून निघत नाही. स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ती अंशामागे सुमारे ०.४ टक्के घटते. पातळ थराच्या पॅनेलमध्ये ही घट कमी, ०.२ ते ०.३ टक्के.

पण ७१ अंश कुठून आले? पॅनेल हवेपेक्षा बरेच जास्त तापते. पॅनेलच्या माहितीपत्रकावर एक आकडा छापलेला असतो: हवा २० अंश, प्रकाश चौरस मीटरला ८०० वॉट आणि मंद वारा असताना सेलचे तापमान किती. तो साधारण ४५ असतो. म्हणजे ८०० वॉटला २५ अंशांची भर. मे महिन्यात हवा ४३ अंश आणि प्रकाश ९०० वॉट धरला तर भर २८ अंशांची, सेल ७१ वर. आता ३३० वॉटचे पॅनेल घ्या. प्रकाश नव्वद टक्के, उष्णतेची घट १८ टक्के, हाती उरतात २४२ वॉट. जानेवारीतली दुपार घ्या: हवा २४ अंश, प्रकाश ८५० वॉट, सेल सुमारे ५१ वर, घट १० टक्के, हाती २५२ वॉट. ऊन कोवळे, वीज जास्त! दिवस मोठा असल्याने मे महिन्यात दिवसभराची युनिटे जानेवारीपेक्षा जास्त भरतात हे खरे, पण पाऱ्याकडे बघून जेवढी वाटतात तेवढी नाही.

इथून पुढचा परिच्छेद थोडा जड आहे, पण कंत्राटदाराची खरी परीक्षा त्यातच आहे. पॅनेल एकापुढे एक जोडून माळ केली जाते, तिला स्ट्रिंग म्हणतात. ७२ सेलच्या पॅनेलचे मोकळ्या टोकांचे व्होल्टेज २५ अंशांना ४६ व्होल्ट धरू. धुळ्यात थंडीच्या लाटेत पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, त्या गारठ्यात सूर्याची पहिली किरणे पडताच ते ४९ च्या जवळ जाते. २० पॅनेलची माळ असेल तर ९७८ व्होल्ट, २१ ची असेल तर १,०२७. पॅनेलची एकदिश वीज तारांत सोडण्याजोगी करणारा इन्व्हर्टर १,००० व्होल्टचा असेल तर त्या एका जास्तीच्या पॅनेलने तो बंद पडेल किंवा जळेल. उलट मे महिन्यात चालू स्थितीतले व्होल्टेज पॅनेलमागे ३७.५ वरून ३०.६ वर येते, म्हणजे वीस पॅनेलचे ६१२. इन्व्हर्टर ६०० च्या खाली काम धरत नसेल, तर दोन पॅनेलवर सावली आली की पूर्ण माळ भर दुपारी कमी पडते. म्हणजे एकाच गावची थंडी वरची मर्यादा ठरवते आणि त्याच गावचा उन्हाळा खालची. दुसऱ्या हवामानातला आराखडा उचलून इथे आणला की दोन्हींपैकी एक हुकतेच.

आता करारांकडे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगर इथे महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तो जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जातून उभा राहिला आणि २०१३ मध्ये सुरू झाला. पुढे जे लिहिले आहे ते या एका प्रकल्पाबद्दल नाही, परदेशी पैशातून होणाऱ्या अशा सगळ्याच कामांबद्दल आहे. पॅनेलच्या पाटीवरची क्षमता मोजतात ती चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश धरून. भुसावळच्या पॅनेलला भर उन्हात २५ अंश कधी भेटत नाहीत. तरी उद्घाटनाचा फलक, कर्जाचा हप्ता आणि बातमीचा मथळा मेगावॅटमध्येच असतो. शेतकऱ्याला मात्र युनिटे लागतात, तीही दिवसा. रावेर-यावलच्या केळीला रात्रीच्या लाइटीवर पाणी भरणाऱ्याला मेगावॅटशी काय देणेघेणे?

२०१९ मध्ये ओसाकाच्या जी-२० परिषदेत दर्जेदार पायाभूत गुंतवणुकीची तत्त्वे मान्य झाली. त्यांत एक तत्त्व असे की, खर्च मोजायचा तो उभारणीचा नव्हे तर प्रकल्पाच्या पूर्ण आयुष्याचा. ऐकायला चांगले आहे. पण ते टेंडरच्या कलमात उतरत नाही तोवर हवेतच राहते. कलम असे हवे: पाटीवरच्या क्षमतेला त्या जागी प्रत्यक्ष पडलेल्या प्रकाशाने गुणायचे, येईल तो आकडा खाली आणि मीटरवरची युनिटे वर. या गुणोत्तराला कामगिरी गुणोत्तर म्हणतात. महिन्यात चौरस मीटरला १८० युनिट (किलोवॉट-तास) प्रकाश पडला आणि १ मेगावॅटमधून १,३५,००० युनिटे निघाली, तर गुणोत्तर ०.७५. हे बारा महिन्यांचे मोजायला हवे. फक्त जानेवारीत चाचणी घेऊन हस्तांतर झाले, तर कंत्राटदार खूश आणि उन्हाळा वीज कंपनीच्या माथी.

यातही एक पळवाट आहे. पडलेला प्रकाश मोजायला पायरॅनोमीटर नावाचे उपकरण असते, काचेच्या घुमटाखाली काळी तबकडी. त्या घुमटावर धूळ बसली की ते प्रकाश कमी दाखवते. १८० च्या जागी १७१ दाखवले तर वरचेच गुणोत्तर ०.७९ होते. म्हणजे उपकरण मळके ठेवले की प्रकल्प कागदावर चकाचक दिसतो! घुमट रोज पुसणे आणि उपकरण ठराविक काळाने तपासून घेणे हे कंत्राटदाराकडे न ठेवता त्रयस्थाकडे द्यावे, एवढी साधी गोष्ट अनेक करारांत सुटते.

धुळीचा विषय निघालाच आहे. खान्देशात होळीपासून पाऊस पडेपर्यंत धूळ उडते, पण पॅनेलला जास्त छळते ती थंडीतली धूळ. पहाटेचे दव तिला भिजवते, ऊन वाळवते, आणि काचेच्या खालच्या कडेला चिखलाची घट्ट पट्टी तयार होते. पॅनेलमधले सेल लांबीच्या दिशेने तीन गटांत जोडलेले असतात. पॅनेल उभे बसवले असेल तर ती पट्टी सेलच्या तिन्ही गटांच्या तळावर सावली धरते आणि तिन्ही गट लंगडतात. आडवे बसवले तर एकच गट अडतो, बाकीचे दोन चालू राहतात. पक्ष्यांच्या विष्ठेखालचा सेल वीज करण्याऐवजी खातो, तापतो आणि करपतो.

धुवायला पाणी किती? ३३० वॉटच्या पॅनेलने १ मेगावॅटला सुमारे ३,०३० पॅनेल लागतात. पॅनेलमागे २ लिटर, महिन्यातून दोनदा, कोरडे आठ महिने धरले तर वर्षाला लाखभर लिटर. १२५ मेगावॅटला सव्वा कोटी. आकडा अंगावर येतो, पण एक हेक्टर केळी मोकळ्या पाटपाण्याने भिजवायला याहून जास्त लागते. तेव्हा "सोलरवाले पाणी पितात" ही ओरड फुगवलेली आहे. अडचण प्रमाणाची नाही, वेळेची आणि प्रतीची आहे. सर्वात जास्त धुणे लागते तेव्हाच गावात टँकर सुरू असतो. आणि बोअरचे जड पाणी काचेवर वाळले की पांढरे डाग पडतात, ते पुसून जात नाहीत. पाणी मऊ करून घ्यावे लागते. धुवायचे ते सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारले की काच तडकू शकते. कोरड्या ब्रशचे यंत्र पाणी वाचवते, पण ब्रश कडक असेल तर काचेवरचा चकाकी कमी करणारा लेप घासला जातो. यातली निवड कर्ज मंजूर होण्यापूर्वी, पाण्याचा नमुना तपासून व्हायला हवी.

पैशाचे थोडक्यात. वीज रुपयांत विकली जाते, युरोतले कर्ज युरोत फेडायचे असते. २०११ मध्ये एक युरो ६५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो शंभरीपार गेला. व्याज कमी म्हणून स्वस्त वाटलेले कर्ज असे महाग होते. शिवाय सुटे भाग! इन्व्हर्टर २५ वर्षे टिकत नाही, दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागतो. मधल्या काळात त्याचे एक कार्ड गेले आणि ते परदेशातूनच यायचे असेल, तर तेवढा विभाग महिनोन्‌महिने बंद. सुट्या भागांचा साठा आणि दुरुस्ती शिकलेली स्थानिक माणसे, दोन्ही मूळ किमतीत धरून घ्यावी लागतात.

कागद आधी आणि जागा नंतर, हा रोग खान्देशाला नवा नाही. १९८५ मध्ये जागतिक बँकेने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तेव्हा किती माणसे उठणार याची धड मोजणीही झालेली नव्हती. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडितात होती, त्यांतले नर्मदाकाठचे मणिबेली अक्कलकुवा तालुक्यातले, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातले. लोकांनी उठायला नकार दिला. बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, १९९२ मध्ये तिचा अहवाल आला आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेली रक्कम नाकारली. त्याच वर्षी बँकेने बाधितांना थेट तक्रार करता येईल असे तपासणी मंडळ स्थापन केले. आज जगात कुठेही या बँकेच्या पैशातून काम होत असेल, तर तिथले लोक या मंडळाकडे दाद मागू शकतात, त्यात नर्मदाकाठच्या पाड्यांचा वाटा मोठा आहे.

सौर प्रकल्प गाव बुडवत नाही, पण कुंपण घालतो. १ मेगावॅटला चार-पाच एकर, म्हणजे १२५ मेगावॅटला पाच-सहाशे. सातबाऱ्यावर 'पडीक' लिहिलेली जमीन साक्रीच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांची चराई असू शकते आणि अहवालात ती रिकामी दिसते. यावर तांत्रिक उपाय आहे. पॅनेलची खालची कड जमिनीपासून अर्ध्या मीटरऐवजी एक मीटरवर ठेवली आणि केबल नळीत घालून पुरल्या, तर खाली मेंढ्या चरू शकतात, गवत कापायचा खर्च वाचतो आणि पावसात उडणारा चिखलही काचेवर कमी येतो. शेळ्या मात्र नकोत, त्या पॅनेलवर चढतात. बदल्यात पोलाद जास्त लागते आणि वाऱ्याचा जोर वाढल्याने पाया खोल घ्यावा लागतो. हा खर्च कुणी उचलायचा हे ठरवायचे तर ते टेंडर निघण्याआधीच, कारण खांब काँक्रीटमध्ये रोवले गेले की ती अर्ध्या मीटरची उंची पुढची पंचवीस वर्षे तशीच राहते.